दुसरी पंगत

सर, विहाराच्या दारात तुम्हांला पाऊण तास उभं ठेवलं ते मीच. तुम्हांला ते तेव्हाच कळलं असणार, चोराच्या मनात चांदणं असतंच. तरी लिहून टाकते, म्हणजे कमिटीच्या भोळ्या माणसांवर किंवा वस्तीतल्या बायकांवर तुमचा राग राहायला नको. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते, आणि मला तो चांगला जमतो.

विद्यापीठात तुम्ही आम्हांला भाषांतर शिकवायचात. मराठी एम.ए.चे आम्ही अकरा जण, त्यात बौद्ध मी एकटी. हुबळीहून सकाळच्या पॅसेंजरने निघायचं, धारवाडला उतरून चढ चढायचा आणि पहिल्या बाकावर बसायचं, कारण तुमचा आवाज मागे पोचायचा नाही. एके दिवशी तुम्ही एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलंय, कुणा पाद्र्याने गाव सोडताना तुम्हांला दिलेलं. त्यातलं एक पान तुम्ही मराठीत सांगत सांगत वाचताय. अठरावं शतक सरत आलंय, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काही काळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. चर्चचे कारभारी येतात, त्यांतल्या एकाला धरून ओढू लागतात, इथून ऊठ म्हणतात. तो म्हणतो, प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा. ते थांबत नाहीत. शेवटी प्रार्थना संपते आणि सगळी काळी माणसं एकदम उठून बाहेर पडतात, ती त्या चर्चमध्ये परत पाऊल टाकत नाहीत. इथे चष्मा काढून तुम्ही डोळे पुसलेत. तेव्हा मी तुमच्यावरून जीव ओवाळून टाकला असता.

तास सुटल्यावर पुस्तक माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "हे प्रकरण तू मराठीत आण. तुझ्या हातून चांगलं उतरेल." मी ते रोज थोडं थोडं घरी वडिलांना, अप्पांना, वाचून दाखवायची. अप्पा रेल्वेच्या कारखान्यात लोहारशाळेत घण मारायचे. गुलाम म्हणून जन्मलेल्या, स्वतःच्या कष्टाने स्वतःला सोडवून घेतलेल्या, त्या बाहेर पडलेल्यांतल्या एका धर्मोपदेशकाने लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून ते आपल्या जागेवर ओढून आणलं आणि त्याचंच चर्च केलं, हे ऐकून अप्पा हसले. "लोहारशाळेत देव बसवला? मग त्याला बी कानात कापूस घालाय लागत असंल." पण मग म्हणाले, "परत वाच गं तेवढं."

त्याच उन्हाळ्यात तुमच्या मुलाची मुंज झाली. तुम्ही सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलंत. मी सकाळी नुसता चहा घेऊन निघालेली, आईची, अव्वाची, चांगली साडी नेसलेली. पहिल्या पंगतीत आम्ही अकरा जण ओळीने बसलो. मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली, भातावर वरण आलं, तूप आलं. तुमच्या आत्या वाढत वाढत माझ्यापाशी थांबल्या. "कुणाची गं तू? आडनाव काय?" मी सांगितलं. खोटं का सांगायचं? त्या आत गेल्या, आणि तुम्ही बाहेर आलात. सोवळं नेसलेले, उघडे, कपाळावर गंध. वाकून, अगदी हळू, त्याच वर्गातल्या आवाजात तुम्ही म्हणालात, "जरा उठतेस का? आत्यांचं सोवळं फार कडक आहे. दुसरी पंगत लगेच बसतेय." भात मी कालवला होता. बोटांना लागलेला भात तसाच ठेवून मी उठले. दहा जणांनी आपापल्या पानात माना घातल्या. जिच्याबरोबर मी रोज गाडीत डबा वाटून खायची, ती द्रोण सरळ करत बसली. सर, तुमच्या त्या पुस्तकात सगळे एकदम उठतात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, अर्थ तुमच्या ओसरीवर समजला.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "जेवलीस न्हवं पोटभर?" मी सांगितलं काय झालं ते. सांगितलं की भरलं पान टाकून, हात धुऊन, सरळ स्टँडवर आले. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो घण मारणारा हात, पाठीवर कधी न ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या लोहारशाळेला ही गोष्ट माहीत झाली होती, आणि चार दिवसांत सगळ्या वस्तीला.

भाषांतर मी पुरं केलं. त्यात मुद्दाम लिहिलं, "त्यांना प्रार्थनेच्या पंगतीतून उठवलं." तुम्ही ते वाचलंत. तुमची लाल पेन्सिल 'पंगतीतून' या शब्दावरून दोनदा फिरली आणि समासात तुम्ही लिहिलंत, "प्रार्थनेला पंगत नसते. शब्द जपून वापरावा." तुमच्या अक्षरात जराही कंप नव्हता. पुढचा परिच्छेद मात्र तुम्हांला आवडला. एकोणिसावं शतक उजाडलंय, काळ्यांनी स्वतःचं चर्च उभं केलंय, आणि तरी गोरे म्हणताहेत की तिथल्या व्यासपीठावर हक्क आमचा. एका रविवारी त्यांचा पाद्री प्रवचन द्यायला येतो. कुणी त्याला शिवी देत नाही, कुणी हात लावत नाही. माणसं मधल्या वाटेत नुसती दाटीने उभी राहतात. त्याला व्यासपीठापर्यंत पोचताच येत नाही, आणि तो आल्या पावली परत जातो. त्या परिच्छेदापुढे तुम्ही "उत्तम" लिहिलं होतंत. मी ते नीट जपून ठेवलं.

दहाएक वर्षांनी मी हुबळीत शाळेत शिकवत होते. आमच्या विहाराच्या कमिटीने बुद्धपौर्णिमेला समतेवर बोलायला पाहुणे ठरवले, ते तुम्ही. मी शेजारच्या अक्कांकडे गेले आणि तो परिच्छेद सांगितला. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. "भरल्या पानावरनं उठवणारा मास्तर त्योच न्हवं? येऊ दे. आपण तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. नुसतं बसायचं." सकाळी दहाला तुम्ही आलात, दारात चपला काढल्यात. दारापासून मंचापर्यंत बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या, तीळ ठेवायला जागा नाही. अक्का मान वळवून म्हणाल्या, "स्वल्प निंदर्री, सर. वंदना संपू दे." थांबा आणि उभे राहा, दोन्हीला आमच्या इथल्या कानडीत हा एकच शब्द. वंदना संपली, मग आणखी एक गाथा, मग पोरींची दोन गाणी. कमिटीचे चिटणीस मंचावरून हातापाया पडत होते, "वाट द्या की हो बायांनो!" मागून उत्तर आलं, "कुठं सरकू? शेजारणीच्या पोटात?" तुम्ही सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलंत. मीही पाहिलं. काय गोड वाटलं मला ते, सर, आजही वाटतं. मग तुम्ही वाकून चपला घातल्यात आणि गेलात. पुढच्या वर्षी तुम्ही वारलात. मी भेटायला आले नाही.

पण तुम्ही माझ्याकडे पाहत होतात तेव्हा मला घाम फुटला होता. तेवढ्या बायकांसमोर तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मला वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते वाक्य तुम्हांला माहीत होतं. तुम्हांला, तुमच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, आणि मला. तुम्ही का बोलला नाहीत हे मला अजून कळलेलं नाही, आणि या गोष्टीचा मला तुमच्या पंगतीइतकाच राग येतो.

मी स्टँडवर गेले नव्हते, सर. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, काकूंनी मला एकटीला नवं पान मांडून दिलं, ती माझी दुसरी पंगत. मी बसले. भूक होती, आणि तुमचं मन मोडलं तर ते पुस्तक परत घ्याल याची भीती होती. तुम्ही मागे येऊन विचारलंत, "पोट भरलं ना?" आणि मी म्हणाले, "हो सर, छान झालंय सगळं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. अक्का अजून आहेत, नातवंडांना ती गोष्ट सांगतात, आणि पान टाकून उठलेली मुलगी त्यांना हवी आहे. उठवल्याबद्दल मी तुम्हांला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण पुरणाच्या होळग्या दोन खाल्ल्या होत्या, आणि तिसरी मी मागून घेतली.