अर्थिंगची हिरवी वायर

मी, दिगंबर वामन खांबेटे, वय ६८, सेवानिवृत्त बँक अधिकारी, राहणार डमडम, कोलकाता, दुसरा मजला, आज शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता जेवणाच्या टेबलापाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे, डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाही व्यक्तीचा दबाव नाही. दबाव आहे तो भीतीचा. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता माझी बायपास होणार आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं काही कारण नाही. त्यांना नसेल. काल संमतीच्या फॉर्मवर सही करताना माझा हात असा थरथरला की नर्सला दुसरा फॉर्म आणावा लागला. चौतीस वर्षं मी लोकांच्या सह्या नमुन्याशी जुळवून पाहिल्या, आणि शेवटी माझीच सही जुळेना.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, कोणत्याही भाषेत लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही. म्हणून मराठीत लिहितो आहे. या इमारतीत मराठी वाचणारं कोणी नाही, आणि यातलं काही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचण्यासारखं नाही.

कलम १. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व सामान माझी एकुलती एक मुलगी ऋचा हिला द्यावे. ती न्यू टाउनमध्ये कंपनीत नोकरी करते आणि तिथेच राहते. तिची आई, म्हणजे माझी पत्नी शैला, चार वर्षांपूर्वी वारली, त्यामुळे दुसरा वाटेकरी नाही. फ्लॅट विकायचा झाल्यास खालच्या मजल्यावरचे शरच्चंद्र पाल पहिले येतील. त्यांना देऊ नये. गेली बावीस वर्षं आमच्याकडे गिटारची एक तार छेडली की हा गृहस्थ खालून काठीने छत ठोकतो.

कलम २. वडिलांच्या रेडिओचे रिकामे लाकडी खोके माझा धाकटा भाऊ अजेय, राहणार पुणे, यास द्यावे. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह मी १९८९ साली काढून घेतले. अजेय तेव्हापासून मला चोर म्हणत आला आणि मी त्याला कोत्या मनाचा म्हणत आलो. तो बरोबर होता. मात्र माझ्या शोकसभेत त्याने भाषण करू नये, तो लांबण लावतो.

कलम ३. माझी हत्यारे ऋचाला: सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, दोन पकडी, टेस्टर, आणि लाकडी दांड्याला बांधलेली रेझिस्टरची वायर. ही शेवटची वस्तू खेळणं नव्हे. व्हॉल्व्हच्या अँपचा प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते आधी या वायरीने उतरवायचे, मीटरवर शून्य आलेलं डोळ्यांनी पाहायचं, मगच आत बोट घालायचं. काम उजव्या हाताने करायचं आणि डावा हात पँटच्या खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्यातून निघतो. शैला चेष्टा करायची, "साहेब कामाला बसलेत की फिरायला निघालेत?" तिला मी हे का सांगत असे, इतकं ओरडून का सांगत असे, ते तिला कधीच कळलं नाही. कलम ५ पाहावे.

कलम ४. आता गिटारचा अँप. तो मी स्वतः बांधला. ट्रान्सफॉर्मर चांदनी मार्केटमधून गुंडाळून आणला, व्हॉल्व्ह कुठले ते वर कबूल केलंच आहे. वजन बावीस किलो. चालू केला की दोन मिनिटं तापायला लागतात, मग काचेत नारिंगी उजेड येतो आणि तापलेल्या धुळीचा वास सुटतो.

मार्चमध्ये ऋचाने मॉडेलर नावाचा डबा आणला. जाड पुस्तकाएवढा. आत ना व्हॉल्व्ह ना ट्रान्सफॉर्मर. जुन्या अँपांच्या आवाजाचं गणित त्यात भरलेलं असतं, पायाने बटण दाबलं की हवा तो आवाज निघतो. मी नाक मुरडलं. म्हणालो, हे पावडरचं दूध. ती म्हणाली, "बाबा, तोंड भिंतीकडे कर आणि ओळखून दाखव." तिने आधी माझ्याच अँपचा आवाज डब्यात उतरवून घेतला, मग तीच ओळ बारा वेळा वाजवली, कधी अँपवर, कधी डब्यावर. बारापैकी सात मला चुकले.

त्या रविवारी श्रीकांतही बसला होता. श्रीकांत मिरजकर हा माझा चाळीस वर्षांचा मित्र, राहणार बागबाजार. "मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला इंग्रजांनी खंदक खणला, नेमकं तिथेच मराठ्याने घर घेतलं," हा त्याचा विनोद मी हजारदा ऐकला आहे. ऋचाला गिटार त्याने शिकवली, तीही तोंडाने सांगून, कारण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला कळला फरक. जोरात वाजवलं की तुझा अँप क्षणभर दमतो, मग सावरतो. डबाही दमतो, पण दर वेळी तेवढाच." मग चहाचा घोट घेऊन अगदी सहज म्हणाला, "पण डब्याचा शॉक बसत नाही ना? मग पोरीने डबाच घ्यावा." मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

ऋचाला मात्र दोन्ही हवेत. "डबा कार्यक्रमाला. अँप माझा, तो तू केलायस. मला उघडून शिकव." तिने परवा त्याच्या मागच्या फळीच्या स्क्रूला हात लावला आणि मी असा खेकसलो की ती मागे सरकली. म्हणाली, "बाबा, तू ओरडलास की मला भय करतं." इथेच वाढलेली पोर, भीती वाटते म्हणत नाही, बंगालीसारखं भय करतं म्हणते. मी दर वेळी सुधारतो. परवा सुधारलं नाही.

कलम ५. हे कलम मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. सोमवार नसता तर लिहिलंही नसतं.

सप्टेंबर १९९६. दक्षिण कोलकात्यातल्या एका हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. श्रीकांत गिटारवर, अँप माझा. चालू करताच अँपमधून घूं असा आवाज येऊ लागला, काही केल्या थांबेना. पडदा वर जायला पंधरा मिनिटं होती आणि समितीची माणसं मानगुटीवर बसली होती. मी प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी वायर पकडीने तोडली. तेव्हा ही युक्ती पुष्कळ लोक करायचे, मलाही ती माहीत होती, आणि ती का करू नये हेही माहीत होतं. तो आवाज बंद झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या गाण्याला श्रीकांतने डावा हात तारांवर ठेवून उजव्या हाताने माइक सरळ केला. माझ्या अँपमधला एक जुना कपॅसिटर त्याच वेळी निकामी झाला होता. हिरवी वायर जागेवर असती तर फ्यूज उडाला असता, कार्यक्रम थांबला असता, चहा पिऊन आम्ही घरी गेलो असतो. ती नव्हती, म्हणून करंट श्रीकांतमधून गेला. त्याची मूठ तारांवर आवळली गेली. त्याला ओरडताही आलं नाही. कोणीतरी मेन बंद केला तेव्हा तो स्टेजवरून खाली पडला, डाव्या मनगटावर.

सगळे त्याच्याकडे धावले. मी प्लगकडे धावलो. पडद्यामागे उकिडवा बसून मी हिरवी वायर परत जोडली. दोन मिनिटं लागली. त्या दिवशी हात अजिबात थरथरला नाही.

नंतर चौकशी झाली. प्लग उघडून पाहिला, वायर जागच्या जागी. ठपका हॉलचे इलेक्ट्रिशियन अरुणदा यांच्यावर आला आणि त्यांचं काम गेलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, हॉलची वायरिंग जुनी आहे. ती जुनी होतीच, त्यामुळे खोटं कोणाला सापडलं नाही. अरुणदा २००९ मध्ये वारले. त्यांना आता मी काही देऊ शकत नाही. श्रीकांतने पुन्हा गिटार हातात घेतली नाही. एकोणतीस वर्षं तो दर रविवारी माझ्याकडे येतो, त्याच अँपसमोर बसतो, गेली बावीस वर्षं माझ्या मुलीला शिकवतो, आणि दर रविवारी बेल वाजली की मला वाटतं, आज कळलं याला.

कलम ६. वरील कारणास्तव सदर अँप ऋचाला देण्यात येऊ नये. जाणकाराकडून तो सुटा करवून घ्यावा, ट्रान्सफॉर्मर भंगारात द्यावा आणि व्हॉल्व्ह अजेयला परत करावेत. अँपचा आवाज तिच्या डब्यात आहे. त्या आवाजाला तिने "बाबा" नाव दिलं आहे. तेवढं पुरे. त्या बाबाने कोणाचा जीव जाणार नाही.

कलम ७. माझ्या पश्चात हे मृत्युपत्र ऋचाने वाचावे आणि

इथे पेन थांबलं आहे. ऋचाला मराठी बोलता येतं. हाताने लिहिलेलं मराठी तिला वाचता येत नाही. शिकवायचं राहून गेलं. तिच्या आजीची पत्रं मी वाचून दाखवायचो. मी नसेन तेव्हा ती हे कागद घेऊन कुठे जाईल? बागबाजारला. "काका, बाबांनी काय लिहिलंय, वाचून दाखवा ना." आणि श्रीकांत चष्मा पुसून कलम ५ तिला मोठ्याने वाचून दाखवेल.

शेजाऱ्यांपासून लपवायला मराठी निवडली, आणि ज्याच्यापासून लपवत आलो त्याच्याच हातात नेऊन ठेवली. इतका मूर्खपणा शिकलेलाच माणूस करू जाणे. भरीस भर म्हणजे श्रीकांत आज साक्षीलाच येतो आहे. गेल्या रविवारी म्हणाला, "साक्षीला मी आहेच की," तेव्हा नाही म्हणायला कारण सापडलं नाही. कागदांवर वर्तमानपत्र पसरून फक्त सहीची जागा उघडी ठेवायची, असं मी ठरवलं होतं. वर्तमानपत्र समोरच घडी करून ठेवलं आहे. बेल वाजली.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी साडेचार.

श्रीकांत गोड दह्याचं मडकं घेऊन आला. "ऑपरेशनआधी गोड खाऊन घे, नंतर कोणी देणार नाही," म्हणाला. मी वर्तमानपत्र उचललं आणि खाली ठेवलं.

"आधी वाच," मी म्हणालो.

"साक्षीदाराला वाचावं लागत नाही ना?"

"तू वाच."

त्याने वाचलं. रेडिओच्या खोक्यापाशी हसला. कलम ५ ला फार वेळ लागला. मग पान मागे घेऊन त्याने ते पुन्हा वाचलं. मी त्याच्या त्या दोन बोटांकडे बघत होतो, दुसरीकडे बघता येईना. दुसऱ्या साक्षीदार, वरच्या मजल्यावरच्या यामिनी सरकार, आल्या तेव्हा त्याने स्वतः उठून दार उघडलं आणि त्यांना थोड्या वेळाने यायला सांगितलं.

मला मनात कुठेतरी आशा होती की तो म्हणेल, माहीत होतं रे. तो तसं म्हणाला नाही. त्याला माहीत नव्हतं.

"अरुणदा दुर्गापूजेत भेटायचे," तो म्हणाला. "मी तोंड फिरवायचो. दर वर्षी. ते नमस्कार करायचे."

मी दह्याचं मडकं टेबलाच्या कडेपासून आत सरकवलं.

"आणि हे तू मला मेल्यावर कळवणार होतास. म्हणजे मी भांडायचं कोणाशी, दिगू? तुझ्या फोटोशी?"

त्याने माझं पेन घेतलं आणि साक्षीदारांच्या जागी मी आधीच लिहून ठेवलेलं त्याचं नाव खोडलं. "मी सही करणार नाही. सोमवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये येतो. शुद्धीवर ये. मला जे बोलायचंय ते जिवंत माणसाशी बोलायचंय." दारापर्यंत जाऊन परत फिरला. "अँप फोडायचा नाही. बरा झालास की पोरीसमोर उघड आणि कुठली वायर तोडलीस ते दाखव. मग तिने ठरवू दे, डबा की अँप. आणि तिला आजच सांग. मी वाचून दाखवणार नाही." दही तसंच ठेवून तो गेला.

सबब कलम ६ रद्द. अँप फोडू नये. मी वाचलो तर तो ऋचासमोर मी स्वतः उघडीन. वाचलो नाही तर हत्यारांसकट तो तिचा, सगळं ऐकून तिला हवा असल्यास. डावा हात खिशात ठेवावा. कलम ७ रद्द, हे मृत्युपत्र आता मीच तिला वाचून दाखवणार आहे. पाल यांच्याविषयीचं वाक्य कायम, त्यांना मराठी येत नाही.

ऋचा सहा वाजता येते. सकाळी मला सोमवारी मरण्याची भीती वाटत होती. ती आहेच. आता डोळे उघडण्याचीही वाटते, कारण समोर श्रीकांत असेल. तरी उघडावेत, असं फार वाटतं. पोरीच्या भाषेत, मला भय करतंय.

खालील सही मी दोन्ही साक्षीदारांसमोर केली. ती बँकेतल्या नमुन्याशी जुळणार नाही. माझीच आहे.

सही: दिगंबर वामन खांबेटे

साक्षीदार:
१. यामिनी सरकार, तिसरा मजला
२. <s>श्रीकांत मिरजकर, बागबाजार</s> (खोडले)
    शरच्चंद्र पाल, पहिला मजला (काठी न आणता आले)

स्थळ: डमडम, कोलकाता
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे