दाराबाहेरच्याला माझं उत्तर

मी, शिवणकाम करून पोट भरणारी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही धाकाला वा दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र वकीलबाईंकडून लिहवून घेत आहे. "मर्जीनेच करताय ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. दोन खोल्यांसाठी केवढी ही चौकशी! माझ्या अंगासाठी कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

राहतं घर, शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे भाचीला द्यावी. कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

भावाला फक्त बाहेरची पायरी. तो कामाला होता त्या कारखान्याचा मालक एका संध्याकाळी माझ्या दारी आला. म्हणाला, "भाऊ कामावर राहायला हवा ना?" मी दार उघडलं. नंतर ओरडायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. कोर्टात त्याच्या वकिलाने तेवढंच धरलं: दार हिनेच उघडलं, साधं खरचटलंही नाही, म्हणजे संमती. आणि ज्याच्या नोकरीपायी दार उघडलं तो माझा सख्खा भाऊ साक्षीला उभा राहिला. "ताई मालकांशी हसून बोलायची." मालक सुटला. भावाने आता पायरीवर खुशाल बसावं, सोबतही मिळेल.

कारण मालक मेल्यापासून रोज दिवेलागणीला दार वाजतं. "येऊ का?" आवाज तोच. जिवंतपणी विचारलं नाही मेल्याने, आता विचारतो. मी आतून कडी लावून गप्प बसते, आणि त्याला आत येता येत नाही.

हे लिहिताना वाजलंच. वकीलबाईंचं पेन थांबलं.

"कोण आलंय?"

"कोणी नाही. तुम्ही लिहा."

त्या सांगतात, आता कायद्यात स्पष्ट आहे: गप्प राहणं, प्रतिकार न करणं म्हणजे होकार नव्हे, भीती घालून काढलेला होकारही होकार नव्हे. बरं झालं बाई. मला उशीर झाला, एवढंच.

काल मात्र तो म्हणाला, "तू गेलीस की मला कोण अडवणार?" त्या दिवशी दार सताड उघडं असेल, माणसं येत-जात असतील, आणि मी आत गप्प पडलेली असेन.

म्हणून मला उचलण्याआधी भाचीने उंबऱ्यात उभं राहून माझं उत्तर मोठ्याने वाचावं: नाही. तेव्हाही नाहीच होतं.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: शेजारची नर्स
साक्षीदार: कोपऱ्यावरचा कुलूपवाला. दार वाजलेलं मीही ऐकलं.
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, कडी आतून लावलेली
दिनांक: सोमवार, अकरा तारीख, दिवेलागण