झाकून ठेवलेलं ताट

नेपरव्हिल,
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय हिमू,

खूप खूप आशीर्वाद, आणि त्याआधी एक प्रश्न. कानटोपी घालतेस का? तिथला वारा सायकलवरच्या माणसाला ढकलतो असं तूच सांगितलंस, आणि फोटोत बघावं तर बाईसाहेबांचे केस मोकळे.

आम्ही सगळे मजेत. आज सकाळी पहिला बर्फ पडला. अंगणातली पानं गोळा करायचं तुझा बाबा ऑक्टोबरपासून पुढे ढकलत होता. आता ती सगळी बर्फाखाली गेली आणि हा खिडकीशी चहा घेऊन उभा. म्हणतो, निसर्गानेच प्रश्न सोडवला. पुण्याच्या माणसाला काम टाळायला कारण कधी कमी पडलंय?

पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर मी काही सांगायला गेले की बाबा मागून 'जेवली का विचार' म्हणतो, वीर मध्येच डोकं घालून तुला काहीतरी दाखवतो, आणि तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं. बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय तुला मराठी वाचता येतं, ही माझ्या रविवारच्या शाळेची एकुलती एक कमाई. चार वर्षांची इथे आलीस तेव्हा नागपूरची बालवाडी अर्धी झाली होती, पुढचं सगळं मी या डायनिंग टेबलवर करून घेतलं. वीरला नुसतं 'कमळ' वाचता येतं, तेही चित्र असलं तर. त्यामुळे हा कागद मी खुशाल टेबलावर उघडा टाकून आत जाऊ शकते.

ग्रोनिंगनचा उच्चार मला अजून जमलेला नाही. तू म्हणतेस तसा ग घशातून काढायला गेले की बाबा पाणी आणून देतो. मंडळाच्या दिवाळीत सुहासिनीकाकूंनी विचारलं, हिमानी कुठे असते, तर मी 'हॉलंडला, एका सत्रापुरती, पाणी शिकते' एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, पाण्यात काय शिकायचंय? मी म्हटलं, अडवायचं. त्यांना पटलेलं दिसलं नाही. पण त्यांच्या चकल्या यंदा मऊ पडल्या होत्या, त्यामुळे फार बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

वीरचं ड्रायव्हिंग परमिट आलं. त्याच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडे, कारण बाबा बसला की दोघेही ओरडतात आणि गाडी जागची हलत नाही. स्टेशनच्या पार्किंगमध्ये रविवारी गाड्या नसतात, तिथे प्रॅक्टिस करतो. बरा चालवतो. फक्त रिव्हर्स घेताना त्याला बोलायची हुक्की येते.

हो, आणि तुझी खोली रंगवली, ती तू व्हिडिओवर बघितलीसच. तुला बारावीत हवा होता तोच तो फिका हिरवा. पडदेही नवे केलेत. तुझा डेस्क खिडकीजवळ घेतलाय.

तुझ्या जानेवारीबद्दल

इथे थांबते. कुकर लावायचाय, नंतर लिहिते.


मंगळवार

कुकर रविवारीच झाला. कागद मात्र दोन दिवस फ्रीजवर होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत होते.

आता सरळ लिहिते. मला माहीत आहे, हिमू. तुझ्या सरांनी तुला पुढचं शिक्षण तिथेच पूर्ण करायला बोलावलंय, तुला जागा मिळालीय, आणि तू महिनाभर ते पोटात ठेवून माझ्याशी पिठल्याच्या गुठळ्यांवर बोलते आहेस.

वीरने सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तू त्याला सांगितलंस, म्हणजे चूक तुझीच. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी रिव्हर्स घेता घेता म्हणाला, "आई, फ्रीक आउट होऊ नकोस हं, पण ताईला तिकडेच राहायचंय. शी गॉट इन. तुला सांगायची तिला भीती वाटते." मी विचारलं, कसली भीती? तर म्हणाला, "तुझीच." मी त्याला आधी ब्रेक दाबायला सांगितला.

राग आला मला. खूप आला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, हेच शिकवलं का आम्ही, असं मनात म्हणत मी त्या आठवड्यात भांडी जरा जोरातच लावली. बाबाला काही बोलले नाही. उलट दुसऱ्याच दिवशी जाऊन रंगाचे डबे आणले. तो हिरवा रंग काही साधा नव्हता, बाई. पडदेसुद्धा. तुला व्हिडिओवर खोली फिरून फिरून दाखवली ती उगाच नाही. प्रत्येक फोनला 'जानेवारीचं तिकीट बघितलंस का' विचारत होते, तेही तुझा चेहरा पडतो हे बघत. तू दर वेळी 'बघते गं' म्हणालीस. दोघी मिळून छान नाटक केलं आपण.

माझी भीती तुला माहीत आहे, तरी एकदा लिहूनच टाकते. फेब्रुवारीत तू एकवीसची होशील. त्यानंतर आमची मुलगी म्हणून तुला या देशात राहता येत नाही. वीर एडवर्ड हॉस्पिटलात जन्मला म्हणून तो इथला. तू चार वर्षांची आलीस, इथल्याच रस्त्यावर सायकल शिकलीस, इथल्याच शाळेच्या बँडमध्ये बासरी वाजवलीस, पण आमच्या ग्रीन कार्डची रांग हलेना, म्हणून तू पाहुणीच राहिलीस. जानेवारीत आलीस तर वाढदिवसाच्या आत परदेशी विद्यार्थिनी म्हणून अर्ज करायचा, असं आपलं ठरलं होतं. नाही आलीस तर हे दार तुझ्यामागे लागणार. आणि आम्ही तुला भेटायला बाहेर पडलो तर परत येताना आमच्या पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा. तो कुणाचा आठवड्यात होतो, कुणाचा महिनोन् महिने अडकतो. तोवर बाबाची नोकरी थांबून राहील याची खात्री नाही. म्हणजे तू तिथे राहिलीस तर आपण परत कधी भेटू, ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून रंगाचे डबे.

मग तुझ्या घरची दिवाळी झाली.

तो शनिवार आठवतो? श्रीखंडात वेलची किती, एवढंच विचारायला तू फोन केलास. तिथे म्हणे चक्का डब्यात तयारच मिळतो, बांधून ठेवायची भानगडच नाही. मला हेवा वाटला. तू फोन कसल्याशा बरणीला टेकवलास, 'आई, एक मिनिट हं' म्हणालीस आणि विसरून गेलीस. इथे दुपार होती, बाबा आणि वीर बाहेर गेले होते. मी फोन बंद करायला हवा होता. नाही केला. खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले.

तो उंच डच मुलगा, सीत्से, ओल्या बुटांनी आत आला. तू त्याच्या भाषेत, घशातून खर्रकन काहीतरी बोललीस आणि तो सहा फुटांचा मुलगा निमूट मागे जाऊन बूट काढून आला. कुणीतरी पातेल्यावर झाकण घालत होतं, तू वळूनही न बघता 'नॉट दॅट वन' म्हणून कपाटाकडे हात केलास. इथे असताना तुला चहाचं गाळणं सापडायचं नाही, हिमू. चमच्याने मसालेभात उकरून चव घेतलीस, तोंड वाकडं केलंस आणि मीठ घातलंस. मी इथून 'लिंबू पीळ' म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, जाते कुठे. तुला ऐकू गेलं नाही. पण मग तू लिंबूच घेतलंस.

सगळे ताटल्या घेऊन उभे होते. पोरांना भूक लागली होती, दिसतच होतं. तू त्यांना थांबवलंस आणि आधी एक ताटली भरलीस. भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड वेगळ्या वाटीत, भाताला लागू नये म्हणून. वर दुसरी ताटली पालथी घातलीस आणि ती मागे सरकवून ठेवलीस. कुणीतरी विचारलं, हे कुणासाठी? तू म्हणालीस, आइनोसाठी, ती बेकरीतून उशिरा येते.

हे तुला मी कधी शिकवलं नाही. बाबा शिकागोहून शेवटच्या गाड्यांनी यायचा तेव्हा मी त्याचं ताट झाकून ठेवायचे आणि तू तिथे टेबलावर गृहपाठ करायचीस, एवढंच. तुझं तिकडे लक्ष असेल असं मला वाटलंही नव्हतं.

मग मी फोन बंद केला. नंतर तू विचारलंस तर नेटवर्क गेलं म्हणाले. नेटवर्क उत्तम होतं. मला रडू येत होतं आणि ते तुला दिसायला नको होतं.

कारण मी तीन महिने समजत होते की पोरगी एका परक्या गावात, सात जणांच्या स्वयंपाकघरात, कसेबसे दिवस काढतेय आणि तिला घरी यायचंय. आणि तू तर तिथे घरच केलंस. तुला तिथेही परदेशी विद्यार्थिनीच म्हणतात, पण तिथे ते खरंच आहे, त्यात तुला काही लागत नाही. ज्या गावात वाढलीस तिथे परत येऊन त्याच नावाने अर्ज भरायचा, हे लागतं. तू कधी बोलली नाहीस, पण मला कळतं. मागच्या वर्षी शाळेतल्या मैत्रिणींनी मिळून मतदान केलं आणि तू त्यांच्या गाडीत बसून राहिलीस, तेव्हाच कळलं होतं.

संध्याकाळी बाबाला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, नाहीतर लगेच वकिलाला फोन लावेल. तो गॅरेजमध्ये गेला आणि उगाच तुझ्या जुन्या सायकलच्या चाकात हवा भरत बसला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "विनी, रांगेत आपण उभे राहिलो. तिला कशाला उभं करायचं?" एवढंच. मग भाजी जास्त तिखट झालीय म्हणून तक्रार केली आणि दोनदा वाढून घेतली.

तर हिमू, जानेवारीत येऊ नकोस.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मला तू हवी आहेस. हिरव्या खोलीत, दुपारी बारापर्यंत लोळत, ओला टॉवेल पलंगावर टाकून, जशी असशील तशी. हे मी लपवणार नाही. पण माझ्या धाकाने येणार असशील तर नको. तुझ्या सरांना हो म्हणून कळव. आणि यापुढे मला घाबरायचं असेल तर ते तुझ्या मसालेभातातल्या मिठावरून घाबर.

आणि आम्ही येतोय.

नागपूरला आजी गेली तेव्हा मी गेले नाही. सगळे म्हणाले, आत्ता बाहेर पडलीस तर शिक्का अडकेल, इथे मुलं, तिथे तू. शहाणपणाचंच होतं ते. मी फोनवर बघितलं तिला शेवटचं, तू शेजारी होतीस. तेवढं शहाणपण मला एका जन्माला पुरे झालं. जूनमध्ये वीरची शाळा सुटली की आम्ही तिघं निघणार. बाबाने ऑफिसात सांगून ठेवलंय. परत येताना अडकलो तर अडकलो. 'फार तर काय, तुझ्या माहेरी जाऊन राहू, निदान पानं तरी गोळा करावी लागणार नाहीत,' असं म्हणतो. हसत म्हणतो, पण मी त्याला ओळखते, त्याने विचार केलाय. वीरने तर सगळा प्रश्नच मिटवला. म्हणाला, "चिल, आई. मी ट्वेंटी-वन झालो की तुम्हाला मीच स्पॉन्सर करतो." याच वयाने तुझं दार लागतं आणि याच वयाने त्याचं उघडतं. मी त्याला म्हटलं, आधी समांतर पार्किंग कर.

खोलीचा रंग तसाच राहू दे म्हणते. बाबा आत्ताच तिथे लॅपटॉप घेऊन बसायला लागलाय आणि उजेड चांगला आहे म्हणतो.

गोडा मसाला आणि कानटोपी वेगळ्या पार्सलने पाठवतेय. कानटोपी मी विणलीय, त्यामुळे घातलीच पाहिजे. आइनोला आणि सीत्सेला माझा आशीर्वाद सांग. त्यांना कळेल तशा भाषेत.

एकच सांगायचं राहिलं. जून म्हटलं तरी जूनच होईल असं नाही. कागद आहेत, मुलाखती आहेत, पुढे काय काय निघेल ते देवाला माहीत. तू वाट बघत उपाशी राहू नकोस. आपलं जेवून घे, अभ्यास कर, फिरून ये.

आम्हाला यायला उशीर होईल, बाळा. ताट झाकून ठेव.

तुझीच,
आई