खुंटी फिरेना

१२ जानेवारी, मिरज
उजव्या हातानं केलेलं: एकशे सहा तंबोरे, नऊ सतारी, देवघर, बायकोचं, चंदनबालाचं, पोळपाट-लाटणं, आणि तंबोऱ्याचा भोपळा माळ्यावरून काढताना ज्यावरून पडलो ते स्टूल. सगळं बघून बघून शिकलो. घराणं नाही, गुरू नाही.
स्टूल शाबूत आहे. कोपर नाही.
(डाव्या हातानं लिहितोय. हे अक्षर माझं समजू नये!)

१४ जानेवारी
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन गोष्टी एकदम — कोपर निखळलं, खालच्या एका हाडाचं डोकं फुटलं, दुसऱ्याचं टोक तुटलं. फुटक्या डोक्याच्या जागी धातूचं बसवलंय.
"किती मिलीमीटर?"
"बावीस."
"गोल की लंबगोल?"
डॉक्टर चंदनबालाकडं बघायला लागले. ही म्हणते, "भूल उतरली न्हाई अजून." उतरली होती!

२० फेब्रुवारी
कोपर वाकतं, पण हात फिरत नाही. हिनं शेंगदाणे दिले — तळवा वर होईना, सगळे जमिनीवर. "चिमण्यांस्नी बलवू का?" म्हणाली.
मला हसू आलं नाही. हात फिरला नाही तर खुंटी पिळायची कशी? कानस चालवायची कशी? नवा, एकशे सातवा तंबोरा तसाच पडलाय. तार छेडली की ठक्क — सूर मागं रेंगाळत नाही. तारांखालच्या घोडीचा माथा घासून तो रेंगाळ आणायचा, तीच जवारी. तिथं दुसऱ्याचा हात लागू देणार नाही.

३ मार्च
हातोडी धरून हात फिरवायचा व्यायाम. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, "छान!" काय छान? तळवा भिंतीकडं बघतोय.

११ मार्च
पलूसच्या गायनाच्या शिक्षिका संयोगिताबाई तंबोरा बघायला येणार. नाइलाज! कानस चंदनबालाच्या हातात, हुकूम माझा. "हलकं. आणखी हलकं. थांब!"
"आवं, तुमी जरा भाईर बसता का?"
व्यायामाची वेळ झालीच होती. कानसेला हात लावू नको, असं बजावून गेलो.
परत येतो तर दारातच षड्ज. संपेचना!
"हे कुणी केलं?"
"घोडीवर माशी बसलीवती. हाकलली."
"चंदनबाला!"
"वीस वर्सं तुमच्याशेजारी भाजी निवडतीय. कान काय भाजीत हुते व्हय माजे?"

१५ मार्च
बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "रायगोंडा, हा गोडवा तुमच्या हाताला आधी नव्हता. ऑपरेशन लाभलं की!" आणि किंमत सांगून गेल्या, माझ्या अंदाजाच्या वरची.
मी मान डोलावली. ही चहाचे कप उचलत होती. जरा जोरात उचलले.

१६ मार्च
चार शेंगदाणे तळव्यावर राहिले. हिनं मोजले. डब्याचं झाकण जोरात लावलं.

१७ मार्च
बाईंना फोन केला — जवारी माझी नाही, चंदनबालाची. "मग तर हवाच!" म्हणाल्या. हिला विचारलं. "पयलाच हाय. इकायचा न्हाई."
माझ्या यादीत एकशे सहाच राहू देत; हा हिचा. बाईंना विकायचा नाही म्हणून कळवलं. एक्कावन्न हजारांना नकार!