नेरेइदा मावशींसाठी तीन पुस्तकं

पिनार देल रिओ, शुक्रवार

प्रिय नेरेइदा मावशी,

सिगार कारखान्यात तुमच्या खुर्चीवर बसून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले, त्याला महिना झाला. आधी रहस्यकथा वाचली. खुनी कोण, यावर सिगार वळणारा ओदालिस पैज हरला. मग मधमाश्यांवरचं पुस्तक काढलं, तर म्हणतो, “बाई, आम्ही काय मधाची पोळी काढायला जाणार?” तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, “अगं, त्या राणीमाशीचं पुढे काय झालं?” काल कविता वाचल्या. मग सगळ्यांनी तंबाखूची पानं कापायच्या सुऱ्या दाद म्हणून फळीवर ठोकल्या, तुमच्यासाठी ठोकायचे तशाच.

तुमची नजर अधू झाली, ओळी गळू लागल्या, तेव्हा व्यवस्थापकांना सांगणारी मीच होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. नवी वाचक निवडायला कामगारांनी मतदान केलं, त्या दिवशी तुम्ही माझंच नाव सुचवलंत. “हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो,” म्हणालात. त्या एका वाक्यावर मी आज उभी आहे.

हे पत्र टपालात टाकलं, तर तुमची सून वाचून दाखवेल. ही कबुली तिच्या आवाजात नको. रविवारी तिन्ही पुस्तकं घेऊन मीच येते. आधी हे पत्र वाचेन. त्यानंतरही बसू दिलंत, तर मधमाश्यांपासून सुरुवात करू.

तुमच्या खुर्चीवरची,
यामिला