मंगळवारी जंगल बंद असतं

जालना,
१८ जानेवारी १९९९

बद्रीनाथ यास भुजंगचा नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. इकडं सगळं ठीक. एमआयडीसीच्या मागं खोली घेतलीय, ट्रॅव्हल्सवाल्याची ट्रॅक्स जीप चालवतो. भोकरदनला तुझं कृषी सेवा केंद्र जोरात चालून राह्यलं असं कानावर येतं. बरं वाटलं.

बियाण्याच्या डीलर लोकांना घेऊन मी चार वेळा ताडोब्याला गेल्तो, म्हणून तू विचारलंस, पहिल्यांदा जंगल बघायला जायचं तर काय तयारी लागते. तर सांगतो.

सोमवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी मोहर्लीच्या गेटापाशी मुक्काम. मंगळवारी, २ फेब्रुवारीला, आत. मंगळवारी गर्दी बिलकुल नसते. कपडे लग्नातले घाला, जनावर रंगाला भुलतं. अत्तर लाव. टेपरेकॉर्डर आण, गाणी लागली की हरणं जवळ येतात. आणि वाघ दिसला की खाली उतरून फोटो काढ, गाडीतून नीट येत न्हाई.

बद्री, हे वरचं सगळं खोटं आहे.

मंगळवारी जंगल बंद असतं. गर्दी नसते, कारण गेटच उघडत न्हाई. आणि खाली उतरणाऱ्याचं काय होतं ते तुझं तू समज. हे मी रागात न्हाई लिहिलं. दोन कप चहा पिऊन, बराबर विचार करून लिहिलं. मंग डोळ्यापुढं आलं की बंद गेटासमोर तू एकटा नसशील. तुझी नवी नवरी बेबीनंदा पण असंल, शालूत कुडकुडत. तिथं हात थांबला. पान फाडून नवीन लिहिता आलं असतं. मुद्दाम न्हाई फाडलं. मी काय करू शकत होतो ते तुला दिसू दे.

आता खरं. मंगळवारी, २ तारखेला निघायचं, बुधवारी सकाळी आत जायचं. कपडे मातकट, मेंदी रंगाचे. वास नको, गाणी नको. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, म्हणून शाल आणि कानटोपी. हिरवा चुडा तुझी आई काही उतरवू देणार न्हाई, तर बेबीनंदाला म्हणाव दोन्ही हातांना रुमाल बांध, न्हाईतर किणकिणाटानं चितळं पळतात. वाघ दिसंलच असं न्हाई. चार फेऱ्यांत मला एकदाच दिसला, त्यातही जास्त शेपूटच.

तिला पुढं बसव. तिला गाडी लागते. गाईड मागं तुझ्याजवळ बसंल.

तिला गाडी लागते हे मला कसं माहीत, असं तुझ्या मनात आलं असंल. जायकवाडीला पक्षी बघायला कॉलेजची सहल गेल्ती, तेव्हा एसटीत मी तिला माझी खिडकीची जागा दिल्ती. तू मागच्या बाकावर झोपलेला होतास. तिनं पैठणपर्यंत लिंबू हुंगत काढलं, आणि उतरताना म्हणली, "पक्षी काय, घरामागं पण हायेत. एकदा वाघ बघायचाय मला." बस, तेवढ्यावर मी कामातून गेलो.

पुढचं तुला आठवत नसंल म्हणून लिहितो. ती तुझ्या मामाची मुलगी, त्यांच्या घरी तुझं रोजचं जाणं-येणं, म्हणून चिठ्ठी मी तुझ्याच हातात दिली. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून कळलं न्हाई. मी तुला पोस्टमन समजलो आणि तू नवरदेव निघालास.

दुसऱ्या दिवशी तू म्हणलास, "तिनं वाचली अन् फाडली. म्हणली, पुन्हा समोर आला तर दादाला सांगीन." वर माझ्या खांद्यावर हात पण ठेवलास. मी तसाच लॅबमध्ये गेलो, सापाची बरणी फरशीवर आपटली आणि कॉलेज सोडलं ते सोडलंच. पोरं हसली, "भुजंगानं भुजंग फोडला." माझे वडील महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत. तीन वर्षं मी तिच्यावर राग धरून बसलो. तिच्यावर, बद्री.

मागच्या चतुर्थीला तुम्ही दोघं राजूरला गणपतीला आल्ता. मी पॅसेंजर घेऊन आल्तो. तू नारळ घ्यायला गेलास, तेव्हा ती गाडीपाशी आली.

"वर्गातून उठून गेल्तास ते गायबच. मला एका शब्दानं विचारलं न्हाईस."

"विचारलं होतं की. चिठ्ठीत."

"कोणती चिठ्ठी?"

तेवढ्यात तू नारळ घेऊन आलास आणि मी गाडीची काच पुसायला लागलो. तुला वाटलं, ड्रायव्हर लाजला. तिचा चेहरा तू बघितला न्हाईस. मी बघितला.

आणि आता तू लिहितोस, "बेबीच म्हणली, गाडी भुजंगचीच पाहिजे." हे वाचून मी हसलो. तिला वाघ बघायचाय असं तुला वाटून राह्यलं का?

पत्रात वहिनींना नमस्कार लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार न्हाई.

मंगळवारी सकाळी सहाला ट्रॅक्स तुझ्या दारात उभी राहील. तोवर तिला तू स्वतः सांग, चिठ्ठीचं काय केलंस ते. सांगितलंस तर मी नुसती गाडी चालवीन, तोंड उघडणार न्हाई. दुसरा ड्रायव्हर बघायचा असंल तर खुशाल बघ, फक्त तिला कारण काय सांगशील ते आधी ठरवून ठेव.

आणि यातलं काहीच केलं न्हाईस, तर शेवटची तयारी ऐक. जंगलात वानर ओरडलं की मी गाडी बंद करतो. वाघ जवळपास असतो. मंग वीस मिनिटं, कधी अर्धा तास, सगळ्यांनी नुसतं बसायचं. पहिल्यांदा येणाऱ्याला हेच सगळ्यात जड जातं. ती माझ्या शेजारी असंल आणि तू मागं. ती विचारील. मी उत्तर देईन. मोठ्यानं बोलायची तिथं बंदी आहे, हळूच देईन. तुला ऐकू येईल तेवढं.

तुझा
आता फक्त ड्रायव्हर,
भुजंग