आड येणारी झाडं

४ फेब्रुवारी
पाच महिने एक ओळ लिहिली नाही. स्वतःचीच माफी मागतो. कारण आळस नव्हे. (थोडा होता.) आजपासून रोज.

काम एकदा लिहून ठेवतो, म्हणजे भरकटणार नाही. जमिनीलगतची हवा दिवसा तापून वर चढते. तो थर वर्षावनावर किती उंच जातो, हे लेझरच्या यंत्रानं मोजायचं. डिसेंबरात तपासणी. नोंदी पटल्या तर केंद्र चालू आणि मी कायम. नाहीतर पंचेचाळिसाव्या वर्षी अर्ज करत फिरा.

यंत्राच्या काचेवर पुन्हा पान पडलंय.

५ फेब्रुवारी
पान पडलं की लेझर अडतो आणि उंची शून्य येते. निम्मे दिवस शून्यच. असल्या नोंदी पाठवणं मनाला पटत नाही. वरची फांदी काढायची. फक्त एक.

९ फेब्रुवारी
(रोज लिहायचं होतं. असो.) लाकूडवाला म्हणाला की फांदी काढली तर झाड कलंडेल, त्यापेक्षा झाडच काढू. काढलं. यंत्र चालवणारा ऑपरेटर फुगून बसलाय. प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतो म्हणून मी त्याला नन्ना म्हणतो. त्याचं म्हणणं, साहेबांचं विज्ञान झालं आणि आपली झोप गेली. दुपारी तो त्याच झाडाखाली आडवा व्हायचा.

झाड पडताना मी आत चहा करत होतो. चहा नको होता. हेही लिहायला हवं.

आकाश स्वच्छ. दुपारी थर ८५० मीटर. एकदम नीट नोंद.

२ एप्रिल
आलेख करवतीसारखा दातेरी येतोय. कारण सापडलं: मोकळी जागा तापते, जंगल गार राहतं, आणि दोन्हींच्या कडेला हवेचे भोवरे उठतात. उपाय दोन. मोकळ्या जागेत पुन्हा झाडं वाढू द्यायची: वीस वर्षं. किंवा कड यंत्रापासून लांब न्यायची: तीन आठवडे. लाकूडवाला म्हणाला की असा झटपट निर्णय घेणारा साहेब त्यानं आजवर बघितला नाही. मलाही जरा तसं वाटलं.

११ जून
११०० मीटर! म्हणजे इतके दिवस झाडंच खरी उंची दडवत होती. नन्ना म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. त्याच्याकडून दुसरं काय येणार?

बायको खूश आहे. म्हणाली, इथं आल्यापासून पहिल्यांदाच कपडे तासाभरात वाळले. नाहीतर तुझ्या शर्टावर बुरशीची शेती व्हायची. घरगुती बाब आहे. इथे नोंदवायचं कारण नव्हतं.

३० ऑगस्ट
१४०० मीटर. कड अजूनही जवळ वाटते. आणखी थोडी सरकवू.

आंघोळ करताना एक शंका आली, की मी नेमकं कशावरचा थर मोजतोय. साबण संपला होता. त्या गडबडीत शंका गेली. पुन्हा आली तर सविस्तर लिहीन.

हिनं पंखा मागितलाय. गेल्या वर्षी पांघरूण मागत होती. बायकांचं काही सांगता येत नाही.

१७ नोव्हेंबर
१६५०. विक्रमच. मुख्यालयातल्या सरांना मेल केला. त्यांचं उत्तर आलं की अभिनंदन, पण आकडा पुन्हा तपास. चार वेळा तपासला. बरोबर आहे.

ही म्हणाली, अरे, सकाळी पक्षी डोकं उठवायचे, ते कुठे गेले रे? मी म्हणालो की हल्ली कामात लक्ष लागतं.

१० डिसेंबर
तपासणी. समितीच्या बाई गाडीतून उतरल्या, गोल फिरून बघितलं आणि विचारलं की इथून जंगलात पोचायला अजून किती वेळ लागेल. मी म्हणालो, हेच ते. मग लांबची हिरवी रेघ दाखवली. त्यांनी दुर्बीण आहे का विचारलं. नन्ना नाही म्हणाला.

संध्याकाळी सगळ्या नोंदी चाळून म्हणाल्या की इतकं नेटकं, प्रामाणिक काम त्यांनी क्वचितच पाहिलंय. नुसत्या माळावरचं.

११ डिसेंबर
शेऱ्याचा पहिला भाग चांगलाच होता. हिला तेवढाच सांगितला. तिनं विचारलं की मग तू पुस्तकं का बांधतोयस. मी म्हणालो, धूळ फार बसते इथे. मग तीही भांडी बांधायला बसली.

१२ डिसेंबर
केंद्र बंद. माझा पगार महिनाअखेरपर्यंत.

एकही आकडा खोटा नव्हता. रात्रभर हेच घोकत होतो. पण जंगलावरचा आकडा माझ्या हाती आला होता तो फेब्रुवारीत, ८५०. तो मी सुधारत बसलो.

यंत्र न्यायला परवा ट्रक येतोय. पेटीवर सूचना आहे: बांधणीपूर्वी यंत्र दिवसभर सावलीत ठेवावे. इथं सावली एकाच ठिकाणी आहे, जीपखाली. तिथे नन्ना झोपलाय. सरक म्हटलं तर नाही म्हणाला.

उद्या: सावली शोधणे.